ॲटलासला खांदा कोणी दिला?

मंडळी, आपल्या पॉटलकचा भूगोल सर्वांना पाठ आहे. बायका वर स्वयंपाकघरात, तरुण मुलं आपापल्या फोनमध्ये आणि आम्ही साठी-सत्तरी ओलांडलेले पुरुष खाली बेसमेंटमध्ये. तिथला इतिहासही ठरलेला. पहिला अर्धा तास गुडघे, दुसरा अर्धा तास घरांच्या किमती आणि त्यानंतर जेवणाची हाक येईपर्यंत सरकार. गेल्या महिन्यात मात्र सरकारचा नंबर गुडघ्यांच्याही आधी लागला. कारण आमच्या एका जुन्या मित्राने मंडळाच्या वार्षिक सभेसाठी ठराव लिहून आणला होता.

या मित्राचं खरं नाव सांगत नाही. त्यांना आपण बाजारराव म्हणू. थोरल्या बाजीरावांचा जेवढा भरवसा घोड्यावर होता, तेवढा यांचा बाजारावर आहे. कुठलीही अडचण सांगा, बाजाररावांचं औषध एकच: सरकार बाजूला करा, बाजाराला मोकळं सोडा. कचऱ्याची गाडी उशिरा आली, सरकार. विमान चुकलं, सरकार. एकदा त्यांच्या घरी कढी फुटली तेव्हा मात्र ते गप्प बसले, पण तेही वहिनी समोर होत्या म्हणून.

तर त्यांचा ठराव असा. एक, विद्यार्थ्यांना आणि नव्याने आलेल्या कुटुंबांना वर्गणीत मिळणारी सवलत बंद करावी. दोन, गणपतीच्या महाप्रसादाला ताटागणिक पैसे घ्यावेत आणि दुसऱ्यांदा घेतलेल्या मोदकाचे वेगळे. तीन, नाटकाच्या पुढच्या चार रांगा लिलावाने द्याव्यात. चार, मराठी शाळेने स्वतःच्या पायावर उभं राहावं. शिकेल त्याने भरावं, मंडळाने एक डॉलरही घालू नये.

"फुकट मिळालं की किंमत राहत नाही," बाजारराव म्हणाले. "जो देईल त्याला मिळेल. यात अन्याय कसला?"

मी म्हटलं, "अहो, आपण या देशात आलो तेव्हा पहिल्या गणपतीला आपल्याला कोणी वर्गणी मागितली होती का?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी," ते म्हणाले. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि तुम्ही कसला विरोध करताय? हॉस्टेलवर ते पुस्तक मला तुम्हीच दिलं होतंत!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं होतं. घरी आलो आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून आयन रँडबाईंचं 'ॲटलास श्रग्ड' खाली काढलं. पन्नासएक वर्षांनी पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. त्या वाचनाचा हा वृत्तान्त आहे. यात बाजाररावांची थट्टा असेल, पण आधी माझी आहे.

*

१९७५ च्या सुमाराची गोष्ट. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग असत. तिथे मी आधी 'द फाउंटनहेड' घेतलं आणि ते संपताच 'ॲटलास श्रग्ड'. पुढे ते पुस्तक आमच्या हॉस्टेलच्या मजल्यावर खोलीखोलीतून फिरलं. परत आलं तेव्हा त्याला पाठ नव्हती. ज्याने ज्याने वाचलं, तो आठ दिवस ताठ मानेने चालायचा आणि मेसच्या पोऱ्याशी तुटक बोलायचा. आपण जगाचा भार वाहणारे थोडके लोक, आणि बाकीचे आपल्या खांद्यावर बसलेले, अशी आमची खात्री पटली होती. त्या वेळी आमच्यापैकी कोणीही एक रुपयासुद्धा कमावत नव्हता, ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही.

पण आमच्या पिढीला ते पुस्तक का भावलं, हे समजून घेतलं पाहिजे. स्कूटर हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं. डॉलर भरणाऱ्याला तीच स्कूटर लवकर मिळायची. टेलिफोनची रांग त्याहून लांब. घर बांधायचं तर सिमेंटला परमिट. कारखानदाराने परवान्यात लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त माल काढला, तर त्याचं कौतुक व्हायच्या ऐवजी त्याला नोटीस. १९७३-७४ मध्ये सर्वांत वरच्या उत्पन्नावरचा आयकर अधिभार धरून ९७ टक्क्यांच्या वर गेला होता. अशा देशात बसून रँडबाईंचे कर्तबगार कारखानदार आणि त्यांना छळणारे बाबू वाचले, की वाटायचं, बाई अमेरिकेवर कुठे लिहितात, या तर दिल्लीच्या उद्योग भवनावर लिहितात! १९९१ नंतर ते परवाने गेले तेव्हा आम्ही इथे पेढे वाटले, आणि ते वाटायलाच हवे होते.

तेव्हा बाजाररावांचं हे प्रेम हवेतून आलेलं नाही, रांगेतून आलेलं आहे. रांगेत पाच वर्षं उभा राहिलेला माणूस दुकानाच्या प्रेमात पडला तर नवल नाही. पण पुढे तो दुकानालाच देव मानायला लागला, देवळालाही दुकान करायला निघाला, तर मात्र बोलावं लागतं.

*

आता कादंबरी. १९५७ साली प्रसिद्ध झालेली, हजारावर पानांची. थोडक्यात गोष्ट अशी: अमेरिकेत सरकार उद्योगांवर एकामागून एक बंधनं आणतं आणि देशातले बुद्धिमान लोक एकेक करून गायब होऊ लागतात. जॉन गाल्ट नावाच्या संशोधकाने त्यांचा संप घडवून आणलेला असतो. ते सगळे कोलोरॅडोच्या डोंगरात एका गुप्त दरीत जाऊन राहतात आणि इकडे जग बंद पडतं. शेवटाकडे गाल्ट रेडिओवरून भाषण करतो. ते सुमारे साठ पानांचं आहे. आपल्या मंडळाच्या प्रास्ताविकांना नावं ठेवणाऱ्यांनी ते एकदा वाचावं आणि आपल्या अध्यक्षांची माफी मागावी.

कथानकाला वेग आहे, हे कबूल करतो. डॅग्नी टॅगर्ट आगगाड्या चालवते ती पानं आजही इंजिनिअरच्या मनाला गुदगुल्या करतात. यंत्रावर इतकं प्रेम करणारी कादंबरीकार दुसरी पाहिली नाही. पण माणसांचं काय? बाईंच्या जगात चांगली माणसं उंच, सडपातळ आणि धारदार नाकाची. वाईट माणसं गुबगुबीत आणि ढिल्या जिवणीची. आमच्या बेसमेंटमधल्या एकूण पोटांचा विचार करता, त्या दरीत आमच्यापैकी कोणालाही प्रवेश मिळाला नसता.

आणि इतिहासाचं काय? डॅग्नीचे पूर्वज नॅट टॅगर्ट यांनी सरकारची दमडी न घेता खंडपार रेल्वे बांधली, इतकंच नव्हे, सरकारी कर्ज देऊ करणाऱ्या गृहस्थाला त्यांनी तीन मजले खाली भिरकावलं, अशी कादंबरीत आख्यायिका आहे. खऱ्या अमेरिकेत १८६२ साली लिंकन अध्यक्ष असताना कायदा झाला, रेल्वे कंपन्यांना सरकारने कर्जरोखे आणि रुळांच्या दोन्ही बाजूंची जमीन दिली, आणि त्या जोरावर १८६९ मध्ये यूटामधल्या प्रॉमंटरीला पूर्व-पश्चिम रूळ जुळले. त्या कंपन्यांच्या मालकांनी सरकारी माणसाला जिन्यावरून ढकललं नाही, जेवायला बोलावलं. जेम्स हिल यांची ग्रेट नॉर्दर्न रेल्वे मुख्यतः केंद्राच्या जमिनीशिवाय झाली हे खरं आहे, पण त्यांची सुरुवातसुद्धा मिनेसोटातली एक बुडीत कंपनी घेऊन झाली, आणि त्या कंपनीकडे दान मिळालेली जमीन होतीच.

सगळ्यांत गमतीची ती दरी. तिथे 'देणे' या शब्दाला बंदी आहे. जॉन गाल्टला मित्राची मोटार हवी असते, तर तो पंचवीस सेंट भाडं भरतो. कोणी कोणाला काही देत नाही; सगळे विकतात. त्या दरीत म्हातारी माणसं दिसत नाहीत, अंथरुणाला खिळलेलं कोणी नाही. मुलं म्हणाल तर बेकरी चालवणाऱ्या एका बाईचे दोन मुलगे ओझरते दिसतात. म्हणजे रांगतं मूल नाही, विसराळू सासरे नाहीत, डायलिसिसवर असलेला भाऊ नाही. असा समाज कुठल्याही तत्त्वावर उत्तम चालेल. क्रूझवरही उत्तम चालतो, आठवडाभर.

हे वाचताना मला विरजण आठवलं. आम्ही दोघं या देशात आलो, तेव्हा आसपास देशी दुकान नव्हतं. इथल्या डब्यातल्या दह्याचं विरजण लागत नसे. तीस मैलांवरच्या एका मराठी वहिनींनी काचेच्या बाटलीत दोन चमचे विरजण दिलं. सौ.ने ते पुढे चार घरांत दिलं, त्या चार घरांनी आणखी दहांत. त्याची किंमत किती? दिल्याने वहिनींचं दही कमी झालं नाही. विकत घ्यायचं म्हटलं असतं, तर त्यांनी आम्हाला दारातूनच परत पाठवलं असतं. रँडबाईंच्या दरीत दही लागलं नसतं, मंडळी. पंचवीस सेंट घेऊन सगळे दुधाकडे बघत बसले असते.

*

इथवर मी हसत वाचत होतो. मग बोगद्याचं प्रकरण आलं.

एक बडा पुढारी हटून बसतो, त्याच्यासाठी कोळशाचं इंजिन जोडलेली गाडी आठ मैलांच्या बोगद्यात पाठवली जाते आणि सगळे उतारू गुदमरून मरतात. त्याआधी लेखिका डब्याडब्यातून हिंडते आणि कोण कुठे झोपलं आहे ते सांगते. हा प्राध्यापक, याने अमुक शिकवलं. ही शिक्षिका, हिने तमुक शिकवलं. सूचना अशी की यांच्यापैकी निरपराध कोणी नव्हतं. चुकीचे विचार बाळगले, त्याचं फळ मिळालं. त्यात एक बाई आहे. तिने आपली दोन मुलं वरच्या बर्थवर पांघरूण घालून झोपवली आहेत. तिचा दोष एवढाच की तिचा नवरा सरकारी नोकर आहे, नियम अमलात आणण्याच्या कामावर, आणि तिला त्यात गैर वाटत नाही.

एकोणिसाव्या वर्षी हे पान मी वाचलं होतं. माझ्याच हाताने समासात पेन्सिलची रेघ आहे. शेजारी 'बरोबर' असं लिहिलं आहे.

माझे वडील तालुक्याच्या कचेरीत पुरवठा खात्यात कारकून होते. रेशनकार्डं, साखरेचा कोटा, रॉकेलची परमिटं, परिपत्रकं. नियम अमलात आणणं हेच त्यांचं काम. १९७२ च्या दुष्काळात ते पहाटे निघायचे आणि रात्री यायचे. कोणत्या दुकानात धान्य पोचलं, कोणाचं कार्ड अडलं, ही अण्णांच्या डोक्यातली कटकट आम्ही जेवताना ऐकायचो. त्यांच्या खात्यात खाणारे लोक होते, हे अण्णाच सांगायचे. पण त्या वर्षी आमच्या तालुक्यातली माणसं तगली, ती रोजगार हमीच्या खडीवर आणि रेशनच्या दुकानावर. बाजार तेव्हाही होता. त्यात धान्यही होतं. पण ज्याच्या खिशात पैसा नाही त्याची भूक बाजाराला ऐकू येत नाही. तो बहिरा आहे असं नव्हे, त्याचे कान पैशाच्या आवाजालाच लावलेले असतात.

त्या डब्यातली ती बाई माझी आई होती. वरच्या बर्थवर मी होतो आणि माझी धाकटी बहीण. आणि अण्णांच्या पगारातून आलेल्या मनिऑर्डरीवर हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या मुलाने शेजारी लिहिलं होतं, 'बरोबर'.

आणखी एक पात्र सांगतो. रॅग्नर डॅनेस्कॉल्ड हा देखणा चाचा परदेशी मदत घेऊन जाणारी जहाजं लुटतो आणि ते सोनं श्रीमंतांना त्यांच्या आयकरापोटी परत करतो. आमच्या पिढीला ती जहाजं ठाऊक आहेत. पी.एल. ४८० हा अमेरिकेचा १९५४ सालचा कायदा. त्याखाली आलेल्या लाल गव्हाच्या चिवट पोळ्या आपण साठीच्या दशकात खाल्ल्या आहेत आणि खाताना नाकं मुरडली आहेत. तो गहू म्हणजे निव्वळ दानधर्म नव्हता. इथल्या सरकारला जादा साठा खपवायचा होता आणि आपलं राजकारणही साधायचं होतं. पण बाजाररावांच्या आणि माझ्या हाडांत तो गहू आहे. रॅग्नरला टाळ्या देताना आम्ही आपलीच बोट बुडवत होतो.

*

लेखिकेला तिच्या पात्रांच्या मापाने मोजू नये, असं समीक्षेचे मास्तर सांगतात. पण रँडबाईंनी स्वतःच आपलं आयुष्य आपल्या तत्त्वाचा पुरावा म्हणून मांडलं, म्हणून थोडं पाहू.

१९०५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्म. वडिलांचं औषधांचं दुकान बोल्शेविकांनी जप्त केलं. हा घाव खरा होता आणि त्यांच्या लिखाणातला राग तिथून येतो, हे ध्यानात ठेवलं पाहिजे. १९२६ मध्ये त्या अमेरिकेत आल्या. आल्या तशा उतरल्या कुठे? शिकागोला, नातेवाइकांकडे. काही महिने तिथे राहिल्या. एका नातलगांचं सिनेमागृह होतं, तिथे इंग्रजी सुधारावं म्हणून फुकट सिनेमे पाहिले. हॉलिवूडला निघताना नातलगांनीच पैसे हातावर ठेवले. पुढे १९२९ साली, व्हिसाची मुदत संपत आली असताना, एका अमेरिकन नटाशी लग्न केलं. मंडळी, यात काही वावगं नाही. ही आपल्यापैकी निम्म्यांची गोष्ट आहे: काकांची सोफा-कम-बेड, उसने पैसे आणि इमिग्रेशनची तारीख. फरक इतकाच की आपण काकांना विसरलो तर आपल्याला चुकल्यासारखं वाटतं. बाईंनी मात्र आपल्याला कोणीही मदत केली नाही असं पुढे छापून टाकलं.

उतारवयात, १९७४ मध्ये त्यांच्या फुफ्फुसाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांनी सोशल सिक्युरिटी घेतली. १९८२ साली त्या वारल्या. ज्याने या योजनेला विरोध केला त्याने आपल्या कराची परतफेड म्हणून ती घ्यायला हरकत नाही, असा युक्तिवाद त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. युक्तिवाद सोयीचा आहे. त्याप्रमाणे या योजनेचा लाभ घ्यायला विरोधक तेवढे पात्र ठरतात, आणि ज्यांनी ती मागून मिळवली ते मात्र लाचार!

*

कोणी म्हणेल, एका कादंबरीवर एवढं कशाला? वाचावी, सोडून द्यावी. पण या कादंबरीचे वाचक नुसते हॉस्टेलवर नव्हते. ॲलन ग्रीनस्पॅन हे रँडबाईंच्या घरी जमणाऱ्या मंडळींपैकी एक. १९७४ साली ते राष्ट्राध्यक्षांचे आर्थिक सल्लागार झाले, तेव्हा शपथविधीला बाई हजर होत्या. १९८७ ते २००६ ते फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष होते. बँका स्वतःच्या हिताला जपतील, त्यांच्यावर फार डोळा ठेवायला नको, हा त्यांचा विश्वास. २००८ च्या सप्टेंबरात तो विश्वास कोसळला. एकट्या एआयजी या विमा कंपनीला सावरायला सुरुवातीलाच ८५ अब्ज डॉलर द्यावे लागले, आणि पाठोपाठ बँकांसाठी ७०० अब्जांचा कायदा झाला. २३ ऑक्टोबरला काँग्रेसच्या समितीपुढे ग्रीनस्पॅन यांनी आपल्या विचारप्रणालीत दोष आढळला असं कबूल केलं. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने जाहीर सभेत असं म्हणायला धैर्य लागतं. आमच्या बेसमेंटमध्ये ते अजून कोणाला झालेलं नाही, मी धरून.

त्याआधीची एक गंमत आहे आणि तिचा धागा थेट कोकणात जातो. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीनस्पॅन यांना ह्यूस्टनमध्ये सार्वजनिक सेवेबद्दल एक पारितोषिक मिळालं. त्याचं नाव होतं एन्रॉन पारितोषिक. २ डिसेंबरला एन्रॉनने दिवाळं काढलं. तीच एन्रॉन, जिच्या पुढाऱ्यांनी सरकारी नियंत्रणं उठवावीत म्हणून देशभर प्रवचनं केली. आणि तीच एन्रॉन रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळला वीज प्रकल्प घेऊन आली, तेव्हा तिने बाजारावर विश्वास ठेवला का? छे! १९९३ च्या कराराप्रमाणे वीज घ्या अथवा घेऊ नका, क्षमतेचे पैसे मंडळाने मोजायचे. राज्य वीज मंडळाने चुकवलं तर राज्य सरकारची हमी, राज्य चुकलं तर केंद्राची प्रतिहमी. कर्जालाही अमेरिकन सरकारच्या संस्थांचा हात. १९९५ मध्ये करार मोडला, मग पुन्हा जुळवला, १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये दरावरून सगळं ठप्प झालं. खेड्यातल्या मामलेदाराला हमीशिवाय कर्ज मागणारा शेतकरी ऐतखाऊ. आणि दोन देशांच्या सरकारांना हमीदार करून येणारी कंपनी मात्र बाजाराची उपासक. आमच्या गावात याला 'देवळात चप्पल सांभाळायला पुजारी बसवणं' म्हणतात.

*

आता बाजाररावांचं मुख्य वाक्य घेतो: जो देईल त्याला मिळेल. याचा प्रयोग झालेला आहे. टेनेसी राज्यात ओबियन काउंटीच्या ग्रामीण भागाला स्वतःची अग्निशमन सेवा नव्हती. शेजारच्या साउथ फुल्टन गावाचा बंब हवा असेल, तर वर्षाला ७५ डॉलर भरायचे. २०१० च्या सप्टेंबरात एका घराला आग लागली. त्या कुटुंबाने त्या वर्षीचे पैसे भरले नव्हते. बंब आला तो शेजाऱ्याच्या आवारात आग पोचल्यावर, कारण शेजाऱ्याने भरले होते. घरमालक तिथल्या तिथे पैसे द्यायला तयार होता. बंबवाले शेजाऱ्याच्या कुंपणावर पाणी मारत राहिले आणि घर जळताना पाहत राहिले. घरातली तीन कुत्री आणि एक मांजर जळून गेली.

तर्क चोख आहे. आग लागल्यावर पैसे घेतले तर आधी कोणी भरणार नाही, विमा असा चालत नाही. बाजाररावांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "त्यांची चूक. भरायला हवे होते." खरं आहे. पण म्हणूनच बाकीच्या जगाने हा प्रश्न कर लावून सोडवला. विसराळू माणसाचं घरसुद्धा घर असतं आणि आग पावती बघून पसरत नाही. करामुळे स्वातंत्र्य जातं म्हणतात. पेटत्या घरासमोर बंब उभा आहे आणि पाणी मारत नाही, यात कोणाचं स्वातंत्र्य वाढलं ते मला सांगा.

न्यू हॅम्पशायरमधल्या ग्राफ्टन या छोट्या गावात २००४ पासून स्वातंत्र्यवादी मंडळी ठरवून राहायला गेली आणि गावाचा खर्च कापायच्या मागे लागली. तिथे अस्वलांची गोष्ट घडली. कोणी कचरा उघडा टाकत होतं, तर एक बाई अस्वलांना डोनट घालत होत्या. प्रत्येकाची मालमत्ता, प्रत्येकाचं स्वातंत्र्य. अस्वलं धीट झाली आणि २०१२ मध्ये एका बाईवर तिच्याच घरी हल्ला झाला. एकाने डोनट घालावा आणि दुसऱ्याच्या घरात अस्वल शिरावं, या व्यवहाराची किंमत कोणी ठरवायची? अस्वलाने तर रँड वाचलेली नव्हती. का कोण जाणे, वाचली असेल असंही वाटतं.

*

बाजार वाईट, असं मला म्हणायचंच नाही. सकाळी ब्रेड वेळेवर दुकानात येतो तो सरकारी हुकमाने नव्हे. पण बाजाराचे खरे जाणकार चेल्यांपेक्षा नम्र होते. ॲडम स्मिथ यांनी १७७६ च्या ग्रंथात संरक्षण, न्याय आणि सार्वजनिक बांधकामं ही कामं सरकारवर सोपवली, गरिबांच्या मुलांच्या शिक्षणाचीही तरफदारी केली, आणि १७७८ पासून स्वतः जकात खात्यात नोकरी केली. म्हणजे अर्थशास्त्राचा आद्य गुरू अण्णांच्या जातकुळीतला, परिपत्रकं अमलात आणणारा.

आता आपला हिशेब मांडू या. बाजारराव आणि मी सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलो, दोघांना ई.बी.सी.ची फीमाफी होती. ती फी कोणी भरली? आमच्या वर्गात कधीही येऊ न शकलेल्या लोकांनी, काडेपेटीवर आणि चहावर कर देऊन. या देशाचं दार १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने उघडलं. ते बाजारभावाने उघडलेलं नव्हतं. आपले डॉक्टर मित्र इथे रेसिडेन्सी करत होते तेव्हा त्या प्रशिक्षणाचा मोठा खर्च मेडिकेअरमधून हॉस्पिटलांना जात होता. ज्या इंटरनेटवर बाजाररावांच्या मुलाने कंपनी काढली, त्याची मुळं संरक्षण खात्याच्या पैशात आहेत. आणि आपली मराठी शाळा, जिने स्वतःच्या पायावर उभं राहावं असा ठराव आहे, ती दर रविवारी सरकारी शाळेच्या वर्गात नाममात्र भाड्यावर भरते. पाय कोणाचे आणि उभं कोण, हे आधी ठरवू या.

आपण कष्ट केले नाहीत असं नाही. केले, हाडं झिजवली. पण आपल्यासारखेच कष्ट करणारे, आपल्याहून हुशार मुलगे आमच्या तालुक्यात राहिले. त्यांच्या खांद्यावर कोण बसलं होतं आणि आपण कोणाच्या, हा प्रश्न त्या जाड पुस्तकात कुठेच नाही. ॲटलासने जग खांद्यावर घेतलं म्हणतात. ॲटलासला खांदा कोणी दिला, हे त्याने कधी सांगितलं नाही.

परवा बाजाररावांचा फोन आला. मला वाटलं ठरावाबद्दल असेल. पण सौ. वहिनींना पासष्ट वर्षं पूर्ण होत होती आणि मेडिकेअरचा पार्ट बी कोणत्या महिन्यात घ्यावा, याची त्यांना चौकशी करायची होती. मुदत चुकली तर दंड बसतो ना! मी सगळं नीट सांगितलं. माझं कार्ड पाकिटात आहेच. शेवटी ते जरा थांबून म्हणाले, "पण हे आपण भरलेल्या पैशांचं आहे हं." मी म्हटलं, "काही आपले, काही आपल्या मुलांच्या वयाच्या लोकांचे, जे आज भरताहेत." ते म्हणाले, "वार्षिक सभेत बोलू."

तर मंडळी, सभेला या. मी ठरावाच्या विरुद्ध मत देणार आहे. गेल्या गणपतीला एक नवं जोडपं आलं होतं, दोन सूटकेसा घेऊन पंधरा दिवसांपूर्वी उतरलेलं. महाप्रसादाच्या रांगेत तो मुलगा हळूच विचारत होता, "इथे कूपन कुठे मिळतं?" सौ.ने त्याच्या पानात दोन मोदक वाढले आणि निघताना त्या मुलीच्या हातात विरजणाची बाटली दिली. त्या मुलीने विचारलं, "काकू, किती द्यायचे?"

सौ. म्हणाली, "पुढे कोणाला लागलं, तर दे."